‘काय’ म्हटलं की हात पुढे

बंगळुरात नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी ज्या शब्दाने तोंडघशी पडले, तो शब्द मी बोबडं बोलायला लागल्यापासून वापरत आले होते. ‘काय’.

संस्थेच्या दवाखान्यात देवीची लस टोचून घ्यायला रांग लागली होती. मी टेबलाशी बसून नावं लिहीत होते. पहिले म्हातारबा काहीतरी पुटपुटले. मला कळलं नाही म्हणून मी म्हटलं, "काय?" त्यांनी मुकाट्याने बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला. त्यांच्या मागच्या बाईंना विचारलं, "काय म्हणालात?" त्यांनीही हात पुढे केला. तिसऱ्या गृहस्थांनी तर दोन्ही. मला वाटलं, इथल्या लोकांचा समज झालाय की मी हात बघून भविष्य सांगते. मी सरोजक्कांकडे पाहिलं, तर त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"अग, कन्नडात कै म्हणजे हात. तू विचारतीस काय, त्यांना ऐकू येतं हात. असू दे, असू दे. रांग कशी भराभर सरकायलीय बघ!"

सरोजक्का म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख कार्यकर्त्या. त्यांचं घराणं शेकडो वर्षं इकडेच राहिलेलं. मराठी बोलायच्या, पण त्यात सरी, स्वल्प, अय्यो असे कन्नड शब्द भातातल्या डाळीसारखे मिसळलेले. मला मात्र त्यांची मराठी ऐकली की रडू यायचं. सिन्नर सोडून, पुण्याला गाडी बदलून, दोन दिवसांच्या प्रवासाने मी इथे आले तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. आमचे हे सरकारी कारखान्यात फिटर. सकाळी सहाला भोंगा वाजला की जायचे, ते संध्याकाळपर्यंत मी आणि चार भिंती. दूधवाल्याशीसुद्धा खुणांनी बोलायचं. कुणीतरी सांगितलं, पेठेतल्या धर्मादाय संस्थेला घरोघर फिरायला बायका हव्यात. यांनी मला सायकलवर डबल सीट तिथे नेऊन सोडलं.

अक्कांनी विचारलं, "शिक्षण?"

मी म्हटलं, "सातवी." पास का नापास ते सांगितलं नाही. खरं म्हणजे सातवीच्या परीक्षेला मी बसलेच नव्हते. आई आजारी पडली आणि शाळा तिथेच सुटली.

"कन्नड बरुत्ता? म्हणजे, येतं काय?"

"स्वल्प," मी म्हटलं. तेवढा एकच शब्द मला येत होता. आदल्या दिवशी वाण्याकडे शिकले होते.

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सरी. उद्यापासून ये." त्या एका ‘सरी’वर, म्हणजे ‘बरं’वर, मी पुढे तीस वर्षं नोकरी केली. पहिली काही वर्षं रोज सकाळी दवाखान्याची पायरी चढताना वाटायचं, आज यांना कळणार आणि आज मला घरी पाठवणार.

आमचं काम काय असायचं ते थोडं सांगते, कारण आता तसं काम कुणी बघितलेलं नाही. डॉक्टर दवाखान्यात बसायचे. आम्ही घरोघर जायचो. घरात किती माणसं, कुणाला ताप, कुणाला दिवस गेलेत, कुठल्या लेकराचं वजन वाढत नाही, हे सगळं विचारायचं आणि वहीत लिहायचं. पाणी उकळून प्या म्हणायचं. आमच्यासमोर सगळ्या उकळायच्या, आमची पाठ वळली की विस्तव विझायचा. पोटुशा बायकांना दवाखान्यात नाव घालायला लावायचं. आणि देवीची लस. तेव्हा आतासारखी साधी सुई नव्हती. दंडावर लसीचा थेंब ठेवायचा आणि दातेरी चकतीने तिथे कातडी खरवडायची. लस बर्फाच्या थर्मासातून न्यायची. जीपमध्ये तो थर्मास मांडीवर घेऊन बसणं हे माझं काम. लेकरासारखा सांभाळायचे मी तो.

कुपोषित मुलांना आम्ही परदेशातून आलेली दूधभुकटी वाटायचो. एका घरी दोन महिने भुकटी देऊनही पोराचं वजन जागचं हलेना. गेले चौकशीला, तर दारात ही लांबरुंद पांढरीशुभ्र रांगोळी, आणि तिच्यावर मुंग्यांच्या ओळी. त्या बाईला वाटलं, इतकी बारीक, इतकी पांढरी पूड फुकट देतात म्हणजे रांगोळीच असणार. मुंग्यांना खाऊ घातल्याचं पुण्य लागतं म्हणून ती उलट माझेच आभार मानायला लागली. अक्कांना सांगितलं, तर म्हणाल्या, "वहीत काय लिहिणार? लाभार्थी, मुंग्या?"

तर अशी हसण्याखिदळण्यात चाललेली नोकरी. आता जी गोष्ट सांगायला बसले, ती सांगते.

दर सोमवारी आमची जीप बेळ्ळंदूरला जायची. आज माझा नातू तिथे कुठल्याशा काचेच्या इमारतीत नोकरी करतो आणि रोज दोन तास रस्त्यात अडकतो. तेव्हा ते तळ्याकाठचं शांत खेडं होतं. भाताची शेतं, नारळ, बगळे. तिथे एका गल्लीत होन्नम्मा नावाची साठीची आजी राहायची. घरात मुलगा, सून, पाच वर्षांची नात लच्ची आणि चार महिन्यांचा नातू. आजी गल्लीतली पुढारी. तिने होय म्हटलं की सगळ्यांचं होय, तिने नाही म्हटलं की सगळ्यांचं नाही. आणि लसीला तिने वर्षानुवर्षं नाहीच म्हटलेलं. सरकारी लस टोचणारे दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा गल्लीची दारं पटापट लागली होती.

त्या सोमवारी मी तिच्या दारात गेले, तेव्हा नोकरीला जेमतेम चार महिने झाले होते. चौकटीला कडुनिंबाचे डहाळे बांधलेले. ओट्यावर सडा. होन्नम्मा दाराशीच बसली होती. मला आत बोलावलं नाही. आतून लच्ची झोपेत कुरकुरल्यासारखी ऐकू आली. मी खुणेने विचारलं, काय झालं? यावेळी ‘काय’ म्हणायचं मी कटाक्षाने टाळलं होतं, हे आठवतं.

होन्नम्मा हळू आवाजात म्हणाली, "अम्मा बंदिद्दाळे."

अम्मा म्हणजे आई, बंदिद्दाळे म्हणजे आली आहे. चार महिन्यांत मला एवढं तर यायला लागलं होतं! इतकं अख्खं वाक्य पहिल्यांदाच नीट कळलं, त्या आनंदात मी काय बोलून बसले ते ऐका. मी तोंडभर हसून म्हटलं, "बहळ संतोष! इरली, इरली. चेन्नागि ऊट हाकि." फार आनंद झाला. राहू दे, राहू दे. चांगलं जेवायला वाढा.

होन्नम्मा माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने हात जोडले. मीही जोडले. परत येताना जीपमध्ये मी बरोबरच्या बायकांना सांगितलं, आज मी कन्नडात पूर्ण संभाषण केलं.

गुरुवारी आमची वह्यांची बैठक असायची. प्रत्येकीने आपापली वही वाचून दाखवायची. माझी वही मराठीत. अक्कांनी मला तेवढी सवलत दिली होती. मी वाचलं, "बेळ्ळंदूर. होन्नम्माचं घर. सर्व ठीक. आई पाहुणी आली आहे. दाराला तोरण. मुलगी आत झोपलेली."

"थांब," अक्का म्हणाल्या. "कुणाची आई?"

"होन्नम्माची असेल."

"होन्नम्मा साठीची. तिची आई ह्या वयात कुठून चालत येणार? सुनेची असली तर तिचं सासर-माहेर एकच गाव, पाहुणी कशाची? ती काय म्हणाली? शब्द सांग."

"अम्मा बंदिद्दाळे."

अक्कांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. "तोरण कशाचं होतं?"

"कडुनिंबाचं," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला कळलं. आमच्या सिन्नरलाही दारावर कडुनिंब लावत. आमच्याकडे म्हणतात देवी आल्या. इकडे म्हणतात अम्मा आली. डोक्यात पाहुणी शिरून बसली होती ना, तर डोळ्यांसमोरचा कडुनिंब मला आंब्याचा टाळा दिसला.

"अय्यो," अक्का म्हणाल्या. "आणि तू काय म्हणालीस?"

मी सांगितलं. राहू दे. चांगलं जेवायला वाढा. कोपऱ्यात बसलेली एक जण फस्सकन हसली. अक्कांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, तर ती खाली बघायला लागली.

डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, घरात कुणाला देवी झाल्या की बाकीच्यांना लगेच लस दिली तर वाचतात. तीन-चार दिवस गेले की काही सांगता येत नाही. त्या घरात चार महिन्यांचं बाळ होतं, आणि तीन दिवस माझ्या वहीत गेले होते.

मी उठले, पिशवी टेबलावर ठेवली. "अक्का, मी सातवी पास नाही," मी म्हटलं. "परीक्षेला बसलेच नाही. मला कन्नडही येत नव्हतं. मी जाते."

"कुठे जातीस?" अक्का म्हणाल्या. "तू सातवी नाहीस, ते तू पहिल्या दिवशी ‘शिक्षण’ शब्दाला थुंकी गिळलीस तेव्हाच कळलं होतं. तुला काढायचं का ते पुढे बघू. बेळ्ळंदूरची वाट कुणाला पाठ आहे? थर्मास घे. जीपमध्ये बस."

त्या थर्मासात बर्फ भरताना अर्धा बर्फ मी जमिनीवर सांडला.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. डॉक्टरांची बॅग दिसली मात्र, गल्लीतली दारं लागायला सुरुवात झाली. होन्नम्मा ओट्यावर उभी राहिली, कमरेवर हात. अक्कांशी कन्नडात बोलली, ते अक्कांनी मला कानात सांगितलं. घरात अम्मा बसली आहे. परक्याचा पाय नको, लोखंड नको, सुई नको. तिला राग येईल. ती लच्चीला घेऊन जाईल.

मग होन्नम्माची नजर माझ्यावर पडली आणि तिचा चेहराच बदलला. "नीवु बन्नि," ती म्हणाली. तुम्ही या.

अक्का माझ्याकडे बघायला लागल्या, मी अक्कांकडे. होन्नम्मा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली, आणि अक्का ते मला मराठीत सांगताना स्वतःच चकित होत होत्या. "ती म्हणायलीय, आजवर जो आला तो अम्माला हाकलायला आला. ही एकटी आली आणि म्हणाली, संतोष झाला, राहू दे, जेवायला घाला. हिला अम्मा ओळखते. हिला आत येऊ दे."

मी चपला काढून एकटी आत गेले. हळद आणि कडुनिंबाचा वास. लच्ची केळीच्या पानावर निजलेली, अंगभर फोड. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि दहीभाताची वाटी. जेवायला घाला म्हटलं होतं ना मी! भिंतीला टेकून सून बसली होती, बाळ पदराखाली. आणि लच्चीच्या पायाशी शेजारचा सात वर्षांचा बसवा चिंचोके घेऊन बसला होता. तीन दिवस तो तिथेच खेळत होता, हे नंतर कळलं.

माझ्या मनात आलं, सांगून टाकावं. आजी, मी मूर्ख आहे, मला वाटलं तुमची आई आली. पण सांगितलं तर दार बंद. न सांगावं तर ही म्हातारी माझ्यावर भलताच विश्वास ठेवून बसली आहे. आणि सांगायला शब्द तरी कुठे होते?

होन्नम्मा माझ्या अगदी जवळ आली. डोळ्यांत पाणी. तिने मला काहीतरी विचारलं, भरभर, कापऱ्या आवाजात. मला त्यातलं एक ‘अम्मा’ सोडून काही कळलं नाही. घाबरलं की माणूस आपल्या भाषेत शिरतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे पदर खांद्यावरून सरकवला आणि सुरकुतलेला, हिरवं गोंदण असलेला हात माझ्यापुढे धरला.

तो हात तसाच पुढे धरून ती बाहेर ओट्यावर आली आणि डॉक्टरांसमोर बसली. पहिली लस तिने घेतली. मग सुनेला हाक मारली. मग बाळ. मग बसवा, तो रडला. मग समोरचं एक दार उघडलं, त्याच्या शेजारचं उघडलं. संध्याकाळपर्यंत थर्मासातली लस संपली. अक्कांनी सरकारी आरोग्य खात्याला कळवलं, त्यांची माणसं दुसऱ्या दिवशी आली. या वेळी कुणी दार लावलं नाही.

परत येताना जीपमध्ये मी अक्कांना विचारलं, "आत मला ती काय विचारत होती?" ओट्यावरून त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

"अम्मंगे कोप बरत्ता, म्हणत होती. सुई टोचली तर अम्माला राग येईल काय?"

"आणि मी म्हटलं काय."

"तू म्हटलंस हात," अक्का म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की डॉक्टरांनी वळून पाहिलं. हसता हसताच त्यांनी माझा गुडघा घट्ट दाबून धरला, तो शहर येईपर्यंत सोडला नाही. नोकरीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून रोज अर्धा तास मला कन्नड बाराखडी घोटायला लावली, आणि माझ्या वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं: अम्मा. पुढे अर्थ लिहायला जागा सोडली. तो माझा मी लिहायचा होता.

बाळाला दोन-चार फोड आले आणि गेले. लच्चीही उठली. चेहऱ्यावर व्रण राहिले, पण उठली. तीन आठवड्यांनी अम्माला निरोप द्यायचा होता. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घालतात, दहीभाताचा नैवेद्य गावाबाहेर नेऊन ठेवतात. होन्नम्माने खास निरोप पाठवला. जिने अम्माचं स्वागत केलं, तिनेच तिला वाटेला लावायला हवं.

त्या दिवशी माझं कन्नड जरा बरं झालं होतं. मी होन्नम्माच्या ओट्यावर बसून सगळं कबूल केलं. एकेक शब्द शोधत. मला वाटलं होतं, तुमची आई आली. म्हणून म्हटलं, जेवायला घाला.

होन्नम्मा आधी समजलीच नाही. समजली तेव्हा असं काही हसली, की तिचे उरलेसुरले तीन दात मी मोजले. सुनेला बोलावून सांगितलं, सून हसली, समोरची हसली. "मग काय चुकलं?" होन्नम्मा म्हणाली. "मी म्हटलं आई आली, तुला कळलं आई आली. अम्मा म्हणजे आणखी कोण असते?"

मीही हसायला लागले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. तेव्हा होन्नम्माने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि शेजारच्या घराकडे मान वळवली. त्या चौकटीला ताजा कडुनिंब होता. "तिकडे मात्र हसत जाऊ नकोस," ती म्हणाली.

बसवाला देवी आल्या होत्या. त्याची लस उशिरा पडली होती. सोमवारी दिली असती तर वाचला असता का, असं मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते म्हणाले, सांगता येत नाही. चांगला माणूस. बसवा जगला. त्याचा डावा डोळा गेला.

त्यानंतर तीस वर्षांत मी किती दारं ठोठावली असतील, त्याचा हिशोब नाही. हसलेही पुष्कळ, आणि लोकांनी माझ्यावर हसण्यासाठी मी त्यांना साहित्यही भरपूर पुरवलं. बेळ्ळंदूरच्या गल्लीत माझं नावच पडलं होतं कै-अक्का. लांबून जीप दिसली, की पोरं हात पुढे करून ओरडत सुटायची. पण कुणी मला काही सांगितलं, तर मी ते दोनदा विचारल्याशिवाय पुढच्या दाराला गेले नाही. नव्या मुली कुरकुरायच्या, बाई फार वेळ लावतात. लावायचे.

बसवा बरा झाल्यावर पहिल्या सोमवारी मी त्याच्या घरी गेले होते. तो ओट्यावर, भिंतीकडे तोंड करून बसला होता. कन्नड सगळं कुठे पळालं कोण जाणे. मी त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "काय रे?"

त्याने मान वळवली नाही. नुसता हात पुढे केला. मी तो धरला आणि जीपचा हॉर्न वाजेपर्यंत धरून बसले.